अंबरनाथच्या माथ्यावरचा तारा

जानेवारी २०२५ मध्ये ग्रहांच्या रांगेची बातमी सगळीकडे झाली आणि एरवी आकाशाकडे न बघणारी माणसेही संध्याकाळी गच्चीवर जाऊ लागली. बातमीत अतिशयोक्ती होती, तरी पाहण्यासारखे खरोखरच खूप होते. दिवेलागणीला पश्चिमेस झगझगीत शुक्र, त्याच्याखाली शनी, पूर्वेला उंचावर गुरू आणि ईशान्येला नुकताच वर आलेला तांबूस मंगळ. त्याच दिवसांत बदलापूरच्या काही हौशी आकाशनिरीक्षकांचे बोलावणे आले. २५ जानेवारीला, शनिवारी, संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये व्याख्यान, आणि नंतर ज्यांना जागायचे आहे त्यांनी वांगणीजवळच्या माळावर दुर्बिणी घेऊन यायचे. दुसऱ्या दिवशी रविवार आणि प्रजासत्ताक दिन, त्यामुळे जागायला बरेच जण तयार होते.

ग्रहांवर बोलेन असे मी कळवले. पण बोलायचे होते आणखी एका गोष्टीवर. व्याख्यानांत आम्ही मंडळी हबल आणि वेब दुर्बिणींची देखणी छायाचित्रे दाखवतो. लोक टाळ्या वाजवतात, घरी जातात आणि जाताना वर मान करून बघत नाहीत, कारण ते चित्रातले आकाश त्यांना आपले वाटत नाही. हे मला फार लागते. ज्या गावात बोलायचे त्या गावाच्या डोक्यावर काय आहे ते आधी सांगावे, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

आणि हे सांगता येते. प्रत्येक गावाचे माथ्यावरचे तारे ठरलेले असतात. गावाचा अक्षांश जेवढा, तेवढी ज्या ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंशांतले अंतर, तो तारा रोज एकदा त्या गावाच्या बरोब्बर डोक्यावरून जातो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे १९.२ उत्तर अक्षांशाच्या आगेमागे. स्वातीची क्रांती आज १९ अंशांहून जेमतेम अधिक. म्हणजे उत्तर खगोलार्धातला सर्वांत तेजस्वी तारा या लोकांच्या घरावरून रोज जातो, आणि माथ्यापासून पाव अंशही ढळत नाही. पूर्ण चंद्राची रुंदी अर्धा अंश भरते, त्याच्याही निम्म्यात.

घर लवकर सोडले, कारण वाटेत दोन ठिकाणी उतरायचे होते. कल्याणला रूळ फुटतात. डावीकडचे कसाऱ्याला, उजवीकडचे कर्जतला. कर्जतच्या बाजूला वळल्यावर विठ्ठलवाडी आणि लगेच उल्हासनगर.

उल्हासनगरला काम होते फर्निचर बाजारात. बोलावणाऱ्या मंडळींपैकी अंबरनाथच्या आयुध कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरनी घरी आठ इंची आरसा घासून दुर्बीण केली होती. नळी त्यांच्याकडे तयार होती. तिची लाकडी बैठक उल्हासनगरच्या एका कारागिराकडे बनायला दिली होती आणि ती घेऊन येण्याचे मी आपणहून अंगावर घेतले होते. या बैठकीची कल्पना जॉन डॉब्सन यांची. अमेरिकेत रामकृष्ण संप्रदायाच्या मठात राहणारा हा संन्यासी रात्री दुर्बिणी बनवायचा आणि मठ सुटल्यावर, १९६८ पासून, सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून चंद्र दाखवायचा. महागडे लोखंडी स्टँड परवडत नाहीत म्हणून त्यांनी प्लायवूडची पेटी केली. तळाला गोल फळी, तिच्यावर लॅमिनेट, मध्ये टेफ्लॉनच्या तीन चकत्या. बोटाने ढकलली की फिरते, सोडली की तिथेच थांबते. ज्या बाजारात कपाटे आणि पलंग बनतात तिथे हे सगळे सामान हाताशी असते.

कारागीर सत्तरीतले सिंधी गृहस्थ. सनमायका लावलेली फळी त्यांनी माझ्यासमोर गर्रकन फिरवली आणि मग तळवा ठेवून थांबवली. "साईं, अटकती नहीं," एवढेच म्हणाले. सांध्यांवर हात फिरवला तर कुठे खाच नाही, कुठे फट नाही. फाळणीनंतर त्यांचे वडील कल्याणच्या लष्करी छावणीत आले, बराकीत राहिले. महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या त्या छावणीत जवळजवळ लाखभर निर्वासितांनी संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले, पण पत्ता सांगताना लोक अजूनही कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच सांगतात.

दुर्बीण कशाला हवी हे त्यांना ठाऊक होते. मीच विचारले, तुम्ही आकाश बघता का? त्यांनी जरा नवलाने पाहिले. दर महिन्याला चंड बघतो, म्हणाले. सिंधी हिंदू घरांत अमावास्येनंतरची पहिली कोर बघून झुलेलालचे नाव घेण्याची रीत आहे, आणि चैत्रातली कोर म्हणजे तर चेटीचंडचा सण. त्यांचे वडील बराकीच्या मागे उभे राहून बघायचे. आता आजूबाजूला इमारती झाल्या म्हणून हे चौथ्या मजल्याच्या गच्चीवर जातात. "या महिन्याचा गुरुवारी," ते म्हणाले.

मी मनात आकडे मांडले. २९ जानेवारीला संध्याकाळी सहाच्या सुमारास अमावास्येचा क्षण, म्हणजे त्या दिवशी कोर दिसणे शक्यच नाही. चंद्र सूर्यापासून साधारण सात अंश दूर गेल्याशिवाय त्याची कोर उमटत नाही, असे आंद्रे दांजाँ या फ्रेंच खगोलज्ञाने विसाव्या शतकात दाखवून दिले. ३० तारखेच्या सूर्यास्ताला कोर चोवीस तासांची. गुरुवार अगदी बरोबर होता. आणि १ फेब्रुवारीला तीच कोर शुक्राच्या शेजारी येणार होती. ते सांगितल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण केली. दर महिन्याला ठरलेल्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन पश्चिमेला कोर शोधणाऱ्या माणसाला निरीक्षकच म्हणायला हवे. मी त्यांना रात्रीचे आमंत्रण दिले. कामावर दोन पोरे होती, ऑर्डर होती, ते येऊ शकले नाहीत.

बैठक लगेजच्या डब्यातून एक स्टेशन पुढे, अंबरनाथला नेली. तिथे ती फिटरकाकांनी ताब्यात घेतली आणि मी रिक्षाने पूर्वेला शिवमंदिराकडे गेलो.

वालधुनी नदीच्या काठावरचे हे काळ्या दगडाचे देऊळ मी आधीही पाहिले होते, पण यावेळी मनात हिशेब घेऊन आलो होतो. कोकणच्या शिलाहारांपैकी चित्तराजाने काम सुरू केले आणि मुम्मुणीच्या कारकिर्दीत ते पुरे झाले असे मानतात. देवळातल्या शिलालेखातला शक भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असा वाचला होता. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ आहे हे दाखवले. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षे अलीकडे आले. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. इतिहासाच्या अभ्यासकांना ही दुरुस्ती महत्त्वाची वाटतेच, मला ती एका वेगळ्या कारणाने मोलाची वाटते.

१०६० च्या आधी सहा वर्षे, ४ जुलै १०५४ रोजी, चीनच्या दरबारी निरीक्षकांनी वृषभेच्या शिंगाच्या टोकाशी एक नवा तारा नोंदवला. त्याला ते पाहुणा तारा म्हणत. तेवीस दिवस तो भर दिवसा दिसत होता. रात्रीच्या आकाशात तो पावणेदोन वर्षांहून अधिक काळ टिकला आणि १०५६ च्या एप्रिलमध्ये दिसेनासा झाला. एका मोठ्या ताऱ्याचा तो स्फोट होता, अतिनवतारा. त्या जागी आज खेकडा तेजोमेघ आहे. तो कसा पसरत गेला ते मागे मोजत एडविन हबल यांनी १९२८ मध्ये सुचवले की हेच १०५४ च्या पाहुण्याचे अवशेष असावेत. १९६८ मध्ये त्याच्या पोटात सेकंदाला तीस वेळा फिरणारा स्पंदक तारा सापडला.

आता अंबरनाथचा हिशेब. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हलत सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक फेरा पुरा करतो, त्यामुळे ताऱ्यांच्या क्रांती बदलत जातात. स्वाती तेव्हा या गावाच्या माथ्यावरून जात नव्हती, सुमारे पाच अंश उत्तरेकडून जायची. पण वृषभेच्या शिंगाजवळची ती जागा, जी आज माथ्याच्या जवळजवळ तीन अंश उत्तरेला आहे, ती अकराव्या शतकात इथल्या माथ्यापासून फक्त दीड अंशाच्या आसपास होती. म्हणजे पाथरवट छिन्नी चालवत होते त्या वर्षी मानवाने पाहिलेल्या सर्वांत तेजस्वी अतिनवताऱ्यांपैकी एक रोज त्यांच्या डोक्यावरून, तीन चंद्र शेजारीशेजारी ठेवावेत इतक्या अंतराने, जात होता.

त्यांनी तो पाहिला का? जुलैत आषाढ असणार. कोकणातला आषाढ म्हणजे ढग आणि धारा. दिवसा दिसणारे ते तेवीस दिवस या भागाने बहुधा गमावले. पण पाऊस सरल्यावर, कोजागिरीच्या सुमारास, तो उत्तररात्री बरोबर माथ्यावर येत असे आणि तेव्हाही ठळक दिसण्याइतका तेजस्वी होता. उघड्यावर झोपणाऱ्या, पहाटे कामाला लागणाऱ्या माणसांच्या नजरेतून तो सुटेल असे मला वाटत नाही. पुरावा मात्र नाही.

सभामंडपातून वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. खाली ओलसर गारवा होता. वरचे शिखर पुरे झालेले नाही, त्यामुळे पिंडीच्या वर छताऐवजी उजेड. तिथे उभा राहून मी वर पाहिले. दुपारचे निळे आकाश होते, तारा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण गाभाऱ्यातून वर पाहणारी नजर ज्या दिशेला जाते त्याच दिशेच्या कडेने तो तारा गेला होता, आणि माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणालाही हे कधी कोणी सांगितलेले नसावे. बाहेर आलो तर देवळाला लागून वाहणारी वालधुनी सांडपाण्याने काळी झाली होती. इतक्या सुंदर दगडी कामाच्या पायाशी असे पाणी पाहून जीव तुटतो.

बदलापूरला हॉल भरला होता. आयोजकांनी सतरंज्या जास्तीच्या अंथरल्या, तरी मागे लोक उभे होते. शाळकरी मुले, क्लास बुडवून आलेले अकरावी-बारावीचे विद्यार्थी, दोन निवृत्त शिक्षिका, औषध कारखान्यात पाळी करणारे, आणि बहुसंख्य रोज मुंबईला जाणारे नोकरदार, ज्यांना हा एकच संध्याकाळचा वेळ घरी मिळतो. तो वेळ देऊन ते आले होते.

ग्रहांच्या रांगेचे मी थोडक्यात उरकले. ग्रह जवळजवळ एकाच प्रतलात सूर्याभोवती फिरतात, म्हणून आकाशात ते कधीही पाहिले तरी एकाच वाटेवर, क्रांतिवृत्ताजवळ सापडतात. तेव्हा ओळ नेहमीचीच आहे. चार तेजस्वी ग्रह संध्याकाळी एकदम वर असणे हे मात्र रोज घडत नाही, म्हणून बघा. मग अंबरनाथचे देऊळ पडद्यावर आणले. हे चित्र आल्याबरोबर हॉलमध्ये कुजबुज झाली, कारण हे त्यांचे होते. १०५४, शके ९८२, ढग, कोजागिरी, दीड अंश. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पण शिलालेखात ताऱ्याचं लिहिलेलं नाही ना, मग आपण पाहिला असं कसं म्हणायचं?" मला तिचा प्रश्न फार आवडला. म्हणायचे नाहीच, मी सांगितले. तारा इथल्या माथ्यावरून गेला हे गणिताने नक्की म्हणता येते. पाहिला की नाही, हे कागद किंवा दगड सापडेपर्यंत म्हणता येत नाही. ती खाली बसली आणि वहीत हे दोन वाक्यांत लिहून घेतले.

खरी भर घातली ती मागच्या ओळीतल्या एका बाईंनी. त्या रोज पहाटेच्या गाडीने कामाला जातात. म्हणाल्या, "पावणेसहाला स्टेशनला चालत जाते ना, तेव्हा अगदी डोक्यावर एक नारिंगी तारा असतो. दिवाळीत नव्हता. आता रोज असतो. तो मंगळ का?"

मंगळ नव्हता, मंगळ त्या वेळी पश्चिमेला मावळतीकडे असतो. त्या पाहत होत्या ती स्वाती. सदतीस प्रकाशवर्षांवरचा, सूर्याच्या पंचवीसपट व्यासाचा नारिंगी राक्षसी तारा. जानेवारीअखेर तो पहाटे त्यांच्या माथ्याजवळ येतो. रोज चार मिनिटे लवकर येत येत मेअखेर रात्री सव्वादहाच्या आसपास माथा गाठतो. हे सगळे मी सांगणारच होतो, पण ते या बाईंनी आधीच पाहून ठेवले होते, दिवाळीतल्या आकाशाशी ताडूनसुद्धा. टिटवाळा, आसनगाव, बदलापूर, वांगणी इथले हजारो लोक पहाटेच्या अंधारात घर सोडतात. इतके नियमित आकाश पाहण्याची संधी वेधशाळेबाहेर दुसऱ्या कोणाला मिळते? हौशी निरीक्षकांनी यांना आपल्यात ओढायला हवे, यांच्याकडे वेळ नाही असे गृहीत धरून बसू नये.

व्याख्यानानंतर मैदानात शुक्र दाखवला. दुर्बिणीत तो अर्ध्याहून किंचित कमी उजळलेला, लहानशा चंद्रासारखा दिसत होता आणि मुले पुन्हापुन्हा रांगेला लागत होती. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार प्रखर दिवे, त्यातले दोन सरळ आकाशाकडे तोंड करून. हा प्रकाश कोणाच्याच कामाचा नसतो. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा आसपासच्या गावांतले दिवे खाली तोंड करून लावले गेले. गावे अंधारात बुडाली नाहीत. नुसते दिवे नीट बसवले. बदलापूरसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या गावात नवे खांब रोज उभे राहतात, तेव्हा बसवतानाच हे करणे सर्वांत स्वस्त पडेल. मी हे तिथे जोर देऊन सांगितले आणि इथेही सांगतो.

आठनंतरच्या गाडीने आम्ही वीसेक जण वांगणीला उतरलो. मुंबईच्या खगोल मंडळाने वर्षानुवर्षे रात्रभराची आकाशदर्शने भरवून हे छोटे स्टेशन मुंबईकरांना ओळखीचे केले. दादर-परळच्या कित्येकांनी आयुष्यातली पहिली आकाशगंगा इथे पाहिली आहे. आज वांगणीचे आकाश पूर्वीसारखे काळे राहिलेले नाही. पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे उजेडाची साय चढली आहे. पण माथा अजून चांगला आहे, आणि आम्हाला माथाच हवा होता.

फिटरकाकांनी नळी बैठकीत बसवली. हा आरसा त्यांनी घरच्या गॅलरीत घासला होता. काचेच्या दोन चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक, शेवटी डांबराच्या थरावर सेरियम ऑक्साइडने चकाकी. आरशाचा पृष्ठभाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अष्टमांशाइतका अचूक लागतो, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक. मी त्यांना विचारले, इतका धीर कुठून आणला? कारखान्यात आयुष्यभर मापात बसवायचेच काम केले, ते म्हणाले, फक्त तिथे शंभरावा भाग चालायचा.

दहाच्या सुमारास वृषभ माथ्यावर आली. रोहिणीच्या जवळ गुरू इतका तेजस्वी होता की त्याच्यापासून नजर काढून शिंगाच्या टोकाकडे न्यावी लागत होती. आठ इंची आरसा डोळ्यापेक्षा सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करतो, तरी खेकडा तेजोमेघ फिकट ठिपकाच दिसतो, लांबट आणि राखी. छायाचित्रातले लाल-निळे धागे त्यात नाहीत, हे मी आधीच बजावून ठेवले होते. माथ्यावर रोखलेली डॉब्सन पद्धतीची दुर्बीण फिरवायला अवघड जाते. तिथे तिला आडवे ढकलायला जोर पुरत नाही आणि सनमायका-टेफ्लॉन नीट जमले नसेल तर ती धक्क्याधक्क्याने सरकते. उल्हासनगरची फळी एकदाही अटकली नाही.

एकेकाने डोळा लावला. नजर थेट न रोखता जरा बाजूला बघा, असे मी सांगत होतो, कारण डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग मंद प्रकाश जास्त टिपतो. प्रश्न विचारणारी मुलगी वडिलांबरोबर आली होती. तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला आणि दिसल्यावर तिने अंतर विचारले. साडेसहा हजार प्रकाशवर्षे. मग तिने स्वतःच वजाबाकी-बेरीज केली: १०५४ मध्ये दिसला, म्हणजे स्फोट त्याच्याही साडेसहा हजार वर्षे आधीचा, देवळाच्या, शिलाहारांच्या, चीनच्या कोणत्याही दरबाराच्या आधीचा. वडील तिच्याकडे बघतच राहिले.

पहाटेपर्यंत बेत ठरला. मेअखेर, पाऊस यायच्या आत, रात्री सव्वादहाला स्वाती माथ्यावर येते तेव्हा अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापुरात तिन्हीकडे दुर्बिणी लावायच्या. देवळाजवळच्या मोकळ्या जागेसाठी परवानगीचा अर्ज दोन्ही शिक्षिका करणार. उल्हासनगरात जागा आहे ती चौथ्या मजल्याची गच्ची, तिची विचारणा माझ्याकडे. फिटरकाका म्हणाले की तोवर दुसरा आरसा होईल, दहा इंची, फक्त त्याची बैठक आत्ताच सांगून ठेवा, लग्नसराईत त्या कारागिराला वेळ मिळायचा नाही.